गरोदरपणातलं खाणं: हुमण चालेल, कालची कढी मात्र जपून

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौथा महिना चालू आहे, घर म्हापशाजवळ, नोकरी पणजीत. सासूबाई म्हणतात नुस्तें (मासळी) बंद कर, डॉक्टर म्हणतात मासे खा, ऑफिसातल्या मैत्रिणी चीज आणि मेयोनीजला हात लावू देत नाहीत. त्यातच गेल्या रविवारी एका घरगुती पार्टीत कोळंबीचं गार सॅलड खाल्लं आणि तेव्हापासून जिवाला घोर लागला आहे. नेमकं काय टाळायचं, आणि खाऊन झालं त्याचं आता काय करायचं?

सॅलडकडे शेवटी येऊ, कारण त्याचं उत्तर समजायला आधीचं थोडं माहीत असावं लागतं. तोवर एवढं ऐका की घाबरून काही करण्यासारखं त्यात नाही.

घराघरांत 'हे खा, हे खाऊ नको' अशा याद्या फिरतात, पण पदार्थाच्या नावावरून धोका फारसा कळत नाही. दोनच गोष्टी विचारायच्या: हे आतपर्यंत पूर्ण शिजलं होतं का, आणि चुलीवरून उतरल्यावर किती वेळ कोमट पडून राहिलं? गोव्याचं रोजचं जेवण पहिल्या प्रश्नाला छान उतरतं. हुमण (माशाची कढी) उकळतं, खतखतं (मिश्र भाज्यांचं कालवण) उकळतं, मुगागाठी (मोडाच्या मुगांची उसळ) उकळते, पेज तर तासभर रटरटते. आपल्याकडे गडबड होते ती चुलीच्या आधी, म्हणजे बाजारात आणि आदोळीवर (विळीवर), किंवा चुलीनंतर, म्हणजे ओट्यावर आणि फ्रिजमध्ये.

गरोदरपणातच एवढी काळजी का? बाळाला शरीराने परकं समजून नाकारू नये म्हणून या काळात प्रतिकारशक्तीचा काही भाग मुद्दाम मवाळ होतो. त्याचा फायदा काही ठराविक जंतूंना मिळतो, आणि त्यातले काही जंतू वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोचतात. साधं पोट बिघडलं तर बहुतेक वेळा त्रास आईलाच होतो, पाणी भरपूर घेतलं की निभावतं. खरी भीती चौघांची: लिस्टेरिया, टॉक्सोप्लाझ्मा, हिपॅटायटिस ई आणि टायफॉइडसह साल्मोनेलाचं कुटुंब.

यातला लिस्टेरिया नीट समजून घ्या, कारण तो आपल्या सवयींच्या बरोबर उलट वागतो. बाकीचे जंतू फ्रिजच्या थंडीत जवळजवळ थांबतात, हा मात्र तिथेही सावकाश वाढत राहतो. म्हणून त्याचे आवडते पदार्थ म्हणजे आधी शिजवलेले किंवा तयार मिळणारे, फ्रिजमध्ये बरेच दिवस राहिलेले आणि पुन्हा गरम न करता खाल्ले जाणारे: हॅम, सलामी, स्मोक्ड मासा, कच्च्या दुधाचं मऊ चीज, कापून ठेवलेलं कलिंगड, काउंटरवरची गार सॅलडं. इतरांच्या तुलनेत गरोदर बाईला हा आजार होण्याची शक्यता सुमारे १० पट असते. आईला मात्र साधा ताप, अंगदुखी, थोडी मळमळ एवढंच जाणवतं, कधी तेही नाही. बाळाला त्याची किंमत मोजावी लागू शकते: गर्भपात, अकाली प्रसूती, पोटातच बाळ दगावणं किंवा जन्मानंतर गंभीर संसर्ग. खाल्ल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत काही दिवस ते ७० दिवसही जाऊ शकतात. हा आजार दुर्मिळ आहे हे खरं, पण एवढ्याशा काळजीने टळत असेल तर ती घ्यावीच. उष्णतेपुढे तो टिकत नाही. वाफा येईपर्यंत गरम केलं की काम झालं.

म्हणून आधी फ्रिज बघा. आतलं तापमान ४ अंशांच्या आसपास हवं. पावसाळी दमटपणात, दर पाच मिनिटांनी दार उघडत असेल तर ते सहज ८-१० अंशांवर जातं आणि कोणाला पत्ता लागत नाही. साधं फ्रिजचं थर्मामीटर मधल्या फळीवर एक रात्र ठेवून सकाळी वाचा. कच्चे मासे आणि चिकन सगळ्यांत खालच्या फळीवर, झाकणाच्या डब्यात, म्हणजे त्यांचं पाणी कोथिंबिरीवर किंवा दह्याच्या भांड्यावर ठिबकणार नाही. वीज गेली तर दार उघडू नका. बंद फ्रिज साधारण ४ तास थंडावा धरतो, गच्च भरलेला फ्रीझर ४८ तास, अर्धा भरलेला २४. जूनच्या पहिल्या वादळात रात्रभर वीज गेली असेल, तर फ्रिजमधलं शिजवलेलं जेवण, मासे, चिकन आणि दूध सकाळी वास घेत न बसता टाकून द्या. आजारी पाडणारे बहुतेक जंतू वासही बदलत नाहीत आणि चवही.

आता कालची कढी. माशाचं हुमण दुसऱ्या दिवशी कुंडल्यात (मातीच्या भांड्यात) आटवून, दाट करून पावाबरोबर खाण्याची चव गोंयकाराला वेगळी सांगायला नको. ती सोडा असं मी म्हणणार नाही, पण रीत बदला. जुनी पद्धत म्हणजे रात्री कुंडलं चुलीवरच झाकून ठेवायचं. मातीचं भांडं उष्णता धरून ठेवतं, म्हणून कढी चार-पाच तास कोमट राहते, आणि जंतूंना वाढायला याहून चांगली जागा नाही. ५ ते ६० अंशांच्या मधल्या पट्ट्यात त्यांची संख्या झपाट्याने दुप्पट होत जाते. त्यात नारळाचा रस आणि माशाचं प्रथिन, म्हणजे त्यांना मेजवानीच. सकाळी उकळलं तर जिवंत जंतू मरतात, हे बरोबर. पण काहींनी रात्रीत बनवून ठेवलेलं विष उकळून जात नाही. स्टॅफिलोकोकसचं जात नाही, भातातल्या बॅसिलसचं जात नाही आणि बांगड्यातलं हिस्टामिनही जात नाही.

तेव्हा असं करा. रात्रीचं जेवण झालं की उरलेलं हुमण कुंडल्यातून पसरट स्टीलच्या भांड्यात काढा, थर दोन इंचांपेक्षा जाड नको. भांडं गार पाण्याच्या परातीत १५-२० मिनिटं ठेवा आणि लगेच फ्रिजमध्ये सरकवा. चुलीवरून उतरल्यापासून फ्रिजमध्ये जाईपर्यंत २ तासांच्या वर जाऊ देऊ नका. एप्रिल-मेच्या उकाड्यात, घरात ३२ अंशांच्या वर असेल तेव्हा, १ तास. सकाळी लागेल तेवढंच कुंडल्यात घ्या, ढवळत खळखळ उकळू द्या, मग मंद आचेवर हवं तेवढं आटवा. एकदा गरम केलेलं पुन्हा फ्रिजमध्ये जाणार नाही. या पद्धतीने चव तीच येते.

पेजेलाही हाच न्याय. सकाळी ८ ला उतरवलेली उकड्या तांदळाची पेज ११ ला खायची असेल तर ती गरम राहील अशा झाकणबंद कॅसरोलमध्ये ठेवा. रात्रीचा भात ओट्यावर ठेवून सकाळी फोडणीला टाकण्याची सवय मात्र या नऊ महिन्यांत बंद. तांदळातल्या बॅसिलसचे बीजाणू शिजवूनही जिवंत राहतात आणि भात कोमट मिळाला की जागे होतात.

आता मासे, कारण सासूबाईंची भीती तिथेच आहे. बाळाच्या मेंदूसाठी आणि डोळ्यांसाठी लागणारी ओमेगा-३ स्निग्धाम्लं तारले-बांगड्यांइतकी सोपी आणि स्वस्त दुसरीकडे मिळत नाहीत. आठवड्याला साधारण २२५ ते ३४० ग्रॅम मासे, म्हणजे दोन-तीन वेळचं, खाणं चांगलं. ते पारा कमी असलेले निवडायचे: तारले, बांगडा, वेर्ल्या, मुडदुशा, लेपा, पापलेट, सुंगटं (कोळंबी). मोठा शिकारी मासा जितका वर्षानुवर्षं लहान मासे खातो तितका पारा त्याच्या मांसात साठतो, आणि शिजवल्याने पारा कमी होत नाही. म्हणून मोरी (शार्क) नको. मोरीचं आंबटतिखट हा गोव्याचा खास पदार्थ, पण याच दिवसांत तो बाजूला ठेवा, किंवा त्याच मसाल्यात बांगडा घालून करा. मोठ्या विस्वणाचे (सुरमईचे) काप रोज नकोत. कधीतरी एकदा चालतील.

बांगडा-तारल्यांबद्दल एक खास इशारा. या माशांच्या मांसात हिस्टिडिन नावाचा घटक भरपूर असतो. मासा बर्फाविना पडून राहिला की जंतू त्याचं हिस्टामिन करतात. असा मासा तळा, उकळा, आमसूल-तिरफळं घालून आटवा, ते तसंच राहतं. खाल्ल्यावर काही मिनिटांत ते तासाभरात चेहरा लाल होतो, डोकं ठणकतं, छातीत धडधडतं, तोंडात चुरचुरतं. लोक त्याला 'बांगड्याची अॅलर्जी' म्हणतात. पुष्कळदा ती अॅलर्जी नसते, मासा उन्हात राहिलेला असतो.

म्हणून खरेदी महत्त्वाची. बाजारात सगळ्यांत शेवटी मासे घ्या, आणि घरून बर्फाचा डबा नाहीतर बर्फ भरलेल्या दोन पिशव्या न्या. डोळा फुगीर आणि स्वच्छ, कल्ले लाल, बोटाने दाबलं तर मांस वर येणारं, वास समुद्राचा. रस्त्याकडेला गोणपाटावर, बर्फाविना, सकाळी ११ नंतर मांडलेला वाटा कितीही स्वस्त असला तरी सोडून द्या. घरी आल्यावर पहिलं काम मासे साफ करणं, बाकीची पिशवी नंतर. पोट काढून, धुऊन, झाकणबंद डब्यात सर्वांत थंड जागी ठेवा आणि त्याच दिवशी किंवा फार तर दुसऱ्या दिवशी शिजवा.

२०१८ च्या जुलैत मडगावच्या घाऊक मासळी बाजारातल्या फॉर्मेलिनच्या संशयावरून परराज्यातल्या मासळीवर काही दिवस बंदी आली होती, आणि तेव्हापासून बऱ्याच घरांत माशांबद्दल जी धास्ती बसली ती गेलेली नाही. 'माशी बसली म्हणजे फॉर्मेलिन नाही' ही कसोटी विसरा. माशी बसलेला मासा घेणं हाच एक धोका आहे. ओळखीच्या नुस्तेंकार बाईकडून, स्थानिक होडीवरचा लहान मासा घेणं हा जास्त भरवशाचा मार्ग. १ जून ते ३१ जुलै या यांत्रिक मासेमारीच्या बंदीच्या काळात बाजारातला बराच मासा साठवणीतला किंवा लांबून आलेला असतो, तेव्हा जास्त चोखंदळ राहा, नाहीतर त्या दोन महिन्यांत अंडी, कडधान्यं आणि चिकनवर भर द्या.

सुकी मासळी पावसात निघतेच. सुक्या सुंगटांची किसमूर (खोबरं घातलेली कोरडी कोशिंबीर) करताना सुंगटं निवडून, पाण्यातून काढून, तव्यावर कोरडी कुरकुरीत होईपर्यंत भाजा. नुसती शेकवून खोबऱ्यात मिसळू नका. खोबरं ताजं किसलेलं आणि किसमूर खायच्या वेळीच कालवलेली हवी. मीठ भरपूर असतं, रक्तदाब वाढलेला असेल तर चिमूटभरच.

शिजवताना हुमणातल्या तुकड्यांना रस उकळायला लागल्यापासून ८-१० मिनिटं द्या. मासा आतपर्यंत पांढरा, अपारदर्शक झाला आणि काट्यापासून सहज सुटला की तयार. रव्यात घोळून तळलेला जाड काप फसवतो: बाहेर तांबूस, मध्यभागी कच्चा. आच मध्यम ठेवा आणि एक काप मोडून बघा. सुंगटं गुलाबी आणि आतून दुधट व्हायला हवीत. कुर्ल्या मोठ्या असतील तर नांग्या आधी ठेचा आणि पुन्हा उकळी फुटल्यापासून १० मिनिटं तरी शिजवा.

शिंपल्यांची गोष्ट वेगळी आहे. तिसऱ्या, खुबे, शिनाणे, कालवं हे प्राणी खाडीचं पाणी गाळून खातात. रोज कित्येक लिटर पाणी त्यांच्यातून जातं आणि त्यातले हिपॅटायटिस ए, नोरोव्हायरस, व्हिब्रिओ त्यांच्या पोटात साठतात. पावसात वस्त्यांचं सांडपाणी नद्यांतून थेट खाडीच्या मुखापर्यंत येतं, तेव्हा धोका सगळ्यांत जास्त. म्हणून माझा सल्ला: पावसाळ्यात शिंपले बंद. इतर वेळी कालवं अजिबात नकोत, कारण ती अर्धकच्ची खाण्याचीच रीत आहे. तिसऱ्या चालतील, पण नीट केलेल्या. शिजवण्याआधी उघड्या असलेल्या आणि टिचकी मारूनही न मिटणाऱ्या टाका. नुसतं 'तोंड उघडलं की झालं' हे पुरेसं नाही. तोंड उघडल्यावर उकळत्या पाण्यात आणखी ३ ते ५ मिनिटं, वाफेवर असतील तर ४ ते ९ मिनिटं द्या. शेवटपर्यंत मिटलेल्या राहिलेल्या फेकून द्या. आदोळीवर कच्च्या उघडून एका शिंपीत मांस ठेवून सुकं करणार असाल तर ते सुकं झाकण ठेवून चांगलं वाफवा, खोबरं त्यानंतर घाला. समुद्राला लाल-तपकिरी रंग आल्याची बातमी असेल त्या आठवड्यात शिंपले कितीही शिजवलेले असोत, खाऊ नका. त्या शैवालाचं विष उष्णतेने जात नाही.

आदोळीचा विषय निघालाच आहे तर इथे थोडं थांबते. बऱ्याच घरांत एकाच आदोळीवर मासे कापले जातात आणि त्याच बैठकीत नारळ किसला जातो. मासा शिजतो, पण तो किस कोशिंबिरीत, किसमुरीत किंवा सोलकढीसाठी कच्चाच जातो. माशावरचे जंतू असे न शिजता ताटात येतात. दोन आदोळ्या ठेवा. ते शक्य नसेल तर क्रम उलटा करा: आधी नारळ, फळं, कोथिंबीर, मग मासे, आणि मग पातं, लाकूड, ओटा साबण आणि गरम पाण्याने. हात साबणाने २० सेकंद. मासे पुसलेलं फडकं त्याच दिवशी धुवा किंवा त्या कामाला कागदच वापरा.

चिकन नळाखाली धुणं सोडा. शिंतोडे तीन फुटांपर्यंत सिंक, भांडी, भाजीवर उडतात. मीठ-व्हिनेगर लावून धुतल्याशिवाय मन मानत नसेल तर भांड्यात हलक्या हाताने धुवा, आणि ते पाणी ओतल्यावर सिंक घासा. काफ्रियालसारख्या तळलेल्या चिकनमध्ये हाडाजवळचं मांस गुलाबी राहतं. सुरी घालून बघा, रस पूर्ण पारदर्शक निघायला हवा. तापमान मोजण्याची सुई असेल तर चिकनला ७४ अंश, खिम्याला ७१, माशाला ६३. अंडं बलक घट्ट होईपर्यंत, साधारण १० मिनिटं उकडलेलं. हाफ-फ्राय, घरगुती मेयोनीज, कच्चं अंडं घालून केलेलं मूस या दिवसांत नको. गाड्यावरचं रस-आमलेट आवडत असेल तर आमलेट दोन्हीकडून नीट भाजून मागा आणि वरचा रस पातेल्यात उकळताना दिसला पाहिजे, कोमट भांड्यातला नको.

चोरीस (गोव्याचं सॉसेज) दिसायला तयार वाटतं, पण ते व्हिनेगर-मसाल्यात मुरवून उन्हात वाळवलेलं कच्चं डुकराचं मांस आहे. टॉक्सोप्लाझ्मा अशाच कच्च्या-अर्धकच्च्या मांसातून येतो. व्हिनेगरने आणि उन्हाने तो मरेल असं धरून चालू नका. आवरण काढून, कांदा आणि पाणी घालून झाकून २५-३० मिनिटं शिजवा, मग पावात भरा. रस्त्यावरचा चोरीस-पाव तव्यावर नुसता परतलेला असेल तर टाळा. सोरपोतेलात (डुकराच्या मांसाच्या आंबटतिखट कालवणात) कलेजी असते. कलेजीत व्हिटॅमिन एचं प्रमाण एवढं असतं की गरोदरपणात ती, कोणत्याही प्राण्याची असो, टाळणंच योग्य. सण-समारंभात यजमानांनी वाढलं तर 'डॉक्टरांनी नको सांगितलंय' एवढं म्हटलं तरी पुरतं.

टॉक्सोप्लाझ्मा मांजरांच्या विष्ठेतूनही पसरतो. मासे साफ करताना दारात मांजरं जमतातच. मांजराला हाकलायची गरज नाही, पण त्याची घाण दुसऱ्या कोणीतरी रोजच्या रोज काढावी, कारण ताज्या विष्ठेतला जंतू संसर्ग करण्याजोगा व्हायला एक ते पाच दिवस लागतात. परसात माती उकरताना हातमोजे घाला. तांबडी भाजी, तायकिळा, अळू शिजवूनच खाल्लं जातं म्हणून काळजी नाही. कच्ची खायची काकडी, मुळा, कोथिंबीर मात्र वाहत्या पाण्याखाली हाताने चोळून धुवा. नुसतं मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवणं पुरेसं नाही. मोड आलेले मूग कच्चे नकोत, मुगागाठीत शिजले की उत्तम. मोड यायला लागणारी ऊब आणि ओल जंतूंनाही तेवढीच मानवते, आणि ते दाण्याच्या भेगांत असल्याने धुऊन निघत नाहीत. पावसात येणारी अळमी (अळंबी) ओळखीच्या माणसाकडचीच घ्या आणि पूर्ण शिजवा. रानातली अनोळखी अळंबी कोणी हौसेने आणली तर चव म्हणूनही घेऊ नका.

फळं स्वतः कापून लगेच खा. समुद्रकिनाऱ्यावर बर्फावर मांडलेली कलिंगडाची फोड टाळा. घरचं कलिंगडसुद्धा कापण्याआधी साल धुवा, कारण सालीवरचे जंतू सुरी आत नेते. (पिकलेल्या पपईवर घरोघरी जेवढा राग आहे तेवढा राग उघड्यावरच्या कापलेल्या फळांवर धरला असता तर बरं झालं असतं. कच्ची, चीक असलेली पपई मात्र टाळा.)

पिशवीतलं पाश्चराइज्ड दूध सुरक्षित असतं, पण पहाटे फाटकाला अडकवलेली पिशवी ८ ला घरात येत असेल तर उकळाच. दाराशी म्हशीचं किंवा गाईचं दूध येत असेल तर उकळी फुटल्याशिवाय एक घोटही नाही. चीज, पनीर, श्रीखंड पाश्चराइज्ड दुधाचं असेल तर चालेल, पाकिटावर वाचा. पनीर शिजवून खा. ब्री, कॅमेंबेर, निळ्या बुरशीची मऊ चीजं नऊ महिने नकोत. चवथीला पंचामृताचा प्रश्न येतो. आपल्या घरी ते उकळून गार केलेल्या दुधाचं करा आणि पूजेनंतर लगेच घ्या. दुसऱ्यांकडे कच्च्या दुधाचं, सकाळपासून ठेवलेलं असेल तर तीर्थ डोळ्यांना लावून नमस्कार करा. कोणाचं मन दुखत नाही. नेवऱ्या, तळलेले मोदक, गरम पातोळ्या निःशंक खा.

पाण्याबद्दल कडक राहा, विशेषतः सातव्या महिन्यापासून. हिपॅटायटिस ई दूषित पाण्यातून येतो. एरवी तो कावीळ होऊन बरा होतो, पण शेवटच्या तीन महिन्यांत तो झालेल्या बायकांपैकी २० ते २५ टक्के दगावू शकतात. हा आकडा भीती घालायला सांगत नाही. उकळलेलं पाणी ही किती मोठी गोष्ट आहे ते कळावं म्हणून सांगते. नळाचं, विहिरीचं, टँकरचं, कोणतंही असो: खळखळ उकळी फुटल्यावर पूर्ण १ मिनिट, मग झाकून गार. शौचालयाच्या टाकीजवळची विहीर पावसात पाणी वर आल्यावर हमखास दूषित होते. ऑफिसला बाटली घरून न्या. साध्या मेणबत्तीच्या फिल्टरवर विसंबू नका, विषाणू त्यातून निसटतात.

सोलकढी म्हणजे कच्चा नारळाचा रस. आमसुलांचा आंबटपणा थोडा आधार देतो, पण तो पुरेसा नाही. उकळून गार केलेल्या पाण्यात रस काढा, जेवणाच्या अर्धा तास आधी करा, उरली तर दोन तासांत फ्रिजमध्ये आणि संध्याकाळपर्यंत संपवा. हॉटेलातली सकाळी करून ठेवलेली सोलकढी सोडा, बाहेरचा बर्फही. काजूच्या हंगामात, मार्च ते मे, प्लास्टिकच्या बाटल्यांतून विकला जाणारा नीरो म्हणजे काजूची बोंडं जिथे तुडवतात त्या उघड्या कोळंब्यातून गोळा झालेला, न उकळलेला रस असतो, आणि काही तासांत आंबायला लागतो. तो नको. हुर्राक आणि फेणी या दारू तर थेंबभरही नाहीत. शहाळं समोर फोडून, स्वतःच्या पेल्यात ओतून प्या.

बाहेर जेवायचंच झालं तर तव्यावरून किंवा पातेल्यातून थेट येणारं मागा. शॅकवरचा (किनाऱ्यावरच्या खानावळीतला) ग्रिल केलेला मासा मध्ये कच्चा असेल तर परत पाठवायला लाजू नका. लग्नाच्या बुफेत पंगत सुरू झाल्या झाल्या जेवा. दोन तासांनी राहिलेला भात, गार सॅलड, चाटच्या चटण्या, मलईचे केक टाळा. बेबिंका थरावर थर भाजलेली असल्याने चालते.

आजारी पडलात तर: पाकिटातलं ओआरएस १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात, पूर्ण पाकीट एकदम, घोटघोट. जुलाब थांबवण्याच्या गोळ्या आणि फार्मसीतून आपल्या मनाने आणलेली अँटिबायोटिक्स नकोत, त्यातली काही बाळाला बाधतात. ताप ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइटच्या वर गेला, जुलाबात रक्त दिसलं, पाणीसुद्धा पोटात टिकत नाही, लघवी फारच कमी किंवा गडद होते, डोळे पिवळे दिसतात, पोट कळा देतं किंवा बाळाची हालचाल कमी वाटते, यांतलं एकही झालं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. रात्री-अपरात्री १०८ ला फोन करा किंवा जवळचं मोठं इस्पितळ गाठा, गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) प्रसूती विभाग चोवीस तास असतो. गेल्यावर 'गरोदर आहे, इतके महिने, अमुक दिवशी अमुक खाल्लं' हे आधी सांगा. नुसता 'व्हायरल ताप' म्हणून लिस्टेरिया सुटून जातो. तो रक्ताच्या कल्चरमधून सापडतो, शौचाच्या तपासणीतून नाही, आणि वेळेवर सापडला तर अँपिसिलिनसारख्या, गरोदरपणात चालणाऱ्या औषधांनी बरा होतो.

आता ते सॅलड. मेयोनीज बाटलीतलं असेल तर त्याची चिंता सोडा. आपल्याकडे मिळणारं बरंचसं बिनअंड्याचं असतं, आणि अंड्याचं असलं तरी कारखान्यातलं पाश्चराइज्ड. प्रश्न होता कोळंबी शिजवून किती वेळ बाहेर राहिली याचा. साधं अन्नातून होणारं पोटाचं दुखणं असतं तर दोन-तीन दिवसांत कळलं असतं, आणि आठवडा होत आला तरी तुम्ही ठीक आहात. लिस्टेरियाचा धोका शिल्लक असला तरी फार लहान आहे. लक्षणं नसताना त्यासाठी रक्त तपासण्याची किंवा आधीच औषध घेण्याची गरज नाही. मोबाइलमध्ये त्या रविवारची तारीख नोंदवून ठेवा आणि पुढच्या तपासणीत डॉक्टरांना सांगा. त्या तारखेपासून दहा आठवडे ताप आला, अगदी सौम्य असला तरी, तर त्याच दिवशी दाखवा आणि सॅलडचा उल्लेख करा. आणि आज घरात तारल्यांचं हुमण असेल तर सासूबाईंच्या शेजारी बसून, वाफ येत असताना, खुशाल जेवा.